कोंब-नुआरच्या एकाआड एक ओळी

पेरबोस, ९ नोव्हेंबर १९९८

रेजिस,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. राग मान किंवा मानू नकोस, मला फरक पडत नाही.

आज दात काढायला व्हालान्सला गेले होते. डॉक्टरकडे टेबलावर एक गुळगुळीत मासिक पडलं होतं आणि मुखपृष्ठावर तू. डोक्यावर माझ्या वडिलांची टोपी. सुगीच्या दिवसांत माझ्या कोठारातल्या खुंटीवरून ती कुठे गेली, ते आज कळलं. पाठीवर माती वाहायची टोपली, जी तू जन्मात कधी उचलली नाहीस. पट्टे उलटे लावलेत, गाढवा. आणि चेहऱ्यावर असं हसू, जसं काही आत्ताच कोंब-नुआरच्या उतरणीवर घाम गाळून खाली आलायस.

आतला लेखही वाचला. 'शंभर वर्षांच्या सिरा द्राक्षवेली, दोन भावांच्या प्रेमानं जपलेल्या.' 'या वाईनमध्ये कुटुंबाच्या मायेची चव लागते.' माया! डॉक्टरनं आत बोलावलं तेव्हा मी मासिक मुठीत चुरगाळत उभी होते. त्याला वाटलं, म्हातारी दाताला घाबरली.

तू दहाव्या वर्षी ल्योंच्या बोर्डिंगात गेलास. सुट्टीत यायचास तेव्हा तुझ्या वाट्याला जर्दाळूचा मुरंबा आणि लाड. बाकीचं तुला कुणी सांगितलं नसेल, तर मी सांगते.

आपल्या आजोबांनी १९१२ साली त्या उतरणीवर द्राक्षांची बाग लावली. ते छत्तीस साली गेले आणि माझे वडील गुस्ताव आणि तुझे वडील फर्दिनाँ वाटणीला बसले. वरच्या अंगाला ऊन जास्त, खालच्या अंगाला माती जास्त. दोघांनाही खात्री, की दुसरा आपल्याला फसवणार. तेव्हा या दोन शहाण्यांनी बाग ओळीनं ओळ वाटली. पहिली आमची, दुसरी तुमची, तिसरी आमची, असं पार वरच्या दगडी बांधापर्यंत. गावानं कपाळाला हात लावला. कागदावर बाग एकत्रच राहिली, कारण मोजणीदार कुणी बोलवायचा यावरही त्यांचं जमेना. त्या दिवसापासून मरेपर्यंत ते दोघे एकमेकांशी बोलले नाहीत, आणि आपापल्या बायकांनाही त्यांनी बोलू दिलं नाही.

त्या बायका सख्ख्या बहिणी होत्या, हे तरी तुझ्या त्या मासिकवाल्याला सांगितलंस का? माझी आई रोझाली थोरली, तुझी आई नोएमी धाकटी. तुझी आई माझी काकू आणि सख्खी मावशीही, आणि लहानपणी मी तिच्याशी एक शब्द बोललेले नाही. दोघी शेजारच्या ओळींत, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, वर्षानुवर्षं वाकलेल्या. आईला काही सांगायचं असलं की ती खेचराला सांगायची. "बिजू, काही लोकांच्या ओळीत गवत कमरेएवढं झालंय. त्याचं बी आपल्याकडे उडतं." पलीकडून तुझी आई दगडी बांधाला सांगायची, "ऐकलंस का रे बांधा, काही लोकांनी आधी आपल्या पायाखाली बघावं." हा तुझ्या मायेचा संवाद. बिजू मेला तेव्हा आईला बोलायला कुणी उरलं नाही.

आणि बाग वाचली कशी, तेही ऐक. छप्पनच्या थंडीनंतर अख्ख्या डोंगरानं वेली उपटून जर्दाळू लावले. सरकार वर पैसे देत होतं. वडिलांनीही अर्ज लिहिला आणि तुझ्या वडिलांच्या सहीसाठी पोस्टमनबरोबर पाठवला. गुस्तावला उपटायचंय म्हटल्यावर तुझ्या वडिलांनी तो चुलीत घातला. पुढच्या वर्षी तुझ्या वडिलांनाच उपटावंसं वाटलं. त्यांचा अर्ज माझ्या वडिलांनी बकरीला खाऊ घातला. मी स्वतः पाहिलंय. दुसऱ्याच्या मनासारखं होऊ नये एवढ्यासाठी दोघांनी त्या वेली ठेवल्या, आणि आज तू ते प्रेम म्हणून बाटलीत भरून विकतोयस.

मासिकाला पत्र लिही आणि ते 'प्रेम' मागे घे. वडिलांची टोपी परत पाठव.

ह्युगेत


ल्यों, १६ नोव्हेंबर १९९८

प्रिय ह्युगेत,

मी मात्र 'प्रिय' लिहिणार. तुझ्या शिव्या खाल्ल्याशिवाय मला पेरबोसला आल्यासारखं वाटतच नाही.

टोपी सोबत पाठवतोय. आधी धुलाईला दिली, फार मळली होती. बरोबर आपल्या ल्योंच्या गुलाबी प्रालीनचा डबा आहे.

लेखाचं म्हणशील तर 'प्रेम' मी म्हटलं नव्हतं. मी 'कुटुंब' म्हटलं, त्यानं 'प्रेम' केलं. पण ह्युगेत, खरं सांग, मी बारा वर्षांपूर्वी आमच्या ओळी हातात घेतल्या तेव्हा कोंब-नुआरच्या द्राक्षांचं काय होत होतं? सहकारी संघाच्या टाकीत, सपाटीवरच्या पाणचट द्राक्षांबरोबर ओतली जात होती. आज टोकियोतला माणूस आपल्या उतरणीचं नाव घेतो. थोडी गोष्ट सांगावी लागते. लोकांना वाईन जिभेनं कळत नाही, कानानं कळते.

एक छोटं काम आहे. नोटरी म्हणतात, बाग एकत्र राहिली तर उद्या वारसांना त्रास होईल. तेव्हा सरळ दोन भाग करू. वरचा मी घेतो, खालचा तू घे. खालची माती मऊ आहे, तुझ्या गुडघ्यांना बरी. कागद सोबत आहे, पेन्सिलनं खूण केलीय तिथे सही कर. घाई नाही, पण नाताळच्या आधी झालं तर बरं.

आई बरी आहे. वृद्धाश्रमातलं सूप तिला आवडत नाही, एवढीच तक्रार. ती तुझी फार आठवण काढते.

तुझा रेजिस


पेरबोस, ३ डिसेंबर १९९८

रेजिस,

दात काढलेल्या बाईला तू साखरेत घोळवलेले बदाम पाठवतोस. धन्य आहे तुझी. डबा शेजारच्या पोरांना दिला. टोपीला आता लॅव्हेंडरचा वास येतो. माझ्या वडिलांना जगात ज्या वासाचा सगळ्यात जास्त राग होता, तोच.

तुझी आई माझी फार आठवण काढते म्हणे. तिनं माझं नाव आयुष्यात दोनदा घेतलं असेल, तेही शिवी देताना. थाप मारायची तर जरा बेतानं मारावी.

आता तुझ्या छोट्या कामाबद्दल. तुझा कागद आला त्याच आठवड्यात एक काळी लांबलचक गाडी बागेखाली थांबली. त्यातून एक गृहस्थ उतरला. त्याचे बूट असे चकचकीत की त्यात चर्चचा मनोरा दिसत होता. पॅरिसचा अत्तरवाला. बरोबर एक बाई. तिनं आपल्या उतरणीवरची चिमूटभर माती उचलून तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "दुःख. मला दुःखाची चव लागतेय." मी म्हटलं, "मादाम, तिथे शेजाऱ्याचा कुत्रा रोज येतो." तिनं थुंकायला हवं होतं. तिनं ते वहीत लिहून घेतलं!

मग त्या माणसानं विचारलं, इथे हेलिकॉप्टर कुठे उतरेल. मग म्हणाला, "तुमचे हात दाखवता का?" मला वाटलं हस्तांदोलन करतोय. त्यानं माझे हात पालथे केले, बोटांच्या गाठी दाबून पाहिल्या, आणि त्या बाईला म्हणाला, "यांचा फोटो घ्या, चेहरा नको." गाय विकत घेतानासुद्धा माणूस तिच्या तोंडाकडे बघतो. मी घरी येऊन साबणानं हात धुतले, दोनदा.

ड्रायव्हर इथलाच निघाला, टूर्नोंचा पोरगा. तो म्हणाला, "तुम्हाला माहीत नाही, मादाम ह्युगेत? साहेब वरचा भाग घेतायत. सौदा ठरलाय." तर ही तुझी वारसांची काळजी. मूल ना बाळ, आणि म्हणे वारस.

एक गोष्ट नीट समजून घे. ती बाग मला आवडते म्हणून मी अडून बसलेली नाही. मला तिचा तिटकारा आहे. दर हिवाळ्यात पावसानं खाली आलेली माती पाठीवरून वर न्यायची, आणि ती आमच्या ओळीतली की तुमच्या ओळीतली यावर दोन पुरुषांनी बांधावर उभं राहून पोस्टमनमार्फत भांडायचं, असली ती बाग. तिनं माझ्या आईची पाठ खाल्ली, तिची बहीण हिरावली. पण आई तिथे कुणाला देखावा म्हणून वाकली नव्हती. जिथे ती वाकली तिथे हा माणूस पाहुण्यांना चीजचे तुकडे खायला घालणार. माझ्या हयातीत ते होणार नाही. कागद फाडून चूल पेटवली. बरा पेटला.

ह्युगेत


ल्यों, २१ जानेवारी १९९९

प्रिय ह्युगेत,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. हो, विकतोय. लपवलं ते चुकलं. मी साठीला आलो, उतरणीवर चढताना धाप लागते, आणि तू म्हणतेस तसं मागे कुणी नाही. तू सही करत नाहीस म्हटल्यावर मी त्यांना म्हणालो, फक्त आमच्या ओळी घ्या. कायद्यानं चालतं, नोटरीला विचारलंय.

पण ऐक आता! गेल्या मंगळवारी त्यांचा तज्ज्ञ आला, माँपेलिएचा. वेलींचं वय आणि मुळं तपासायला त्यानं सहाव्या आणि सातव्या ओळीच्या मधे खणलं. हातभर खाली त्याला मनगटाएवढी जाड काडी लागली. ती सहाव्या ओळीतल्या वेलीच्या खोडातून निघून जमिनीखालून सातव्या ओळीत जात होती. म्हणजे सातव्या ओळीतली वेल ही सहाव्या ओळीतल्या वेलीचं दाब कलम! त्यानं पुढे खणलं. अकरावीतून दहावीत. चौदावीतून पंधरावीत. वरपर्यंत तेच! तुमच्या ओळीतली वेल आमच्या वेलीची लेक, आमची तुमच्या वेलीची. तज्ज्ञ म्हणाला, ही बाग वेगळी करता येणार नाही, तोडलं तर निम्म्या वेली वाळतील.

ह्युगेत, त्या दोघी बहिणींनी हे केलं! नवऱ्यांनी बोलायची बंदी घातली, तर त्यांनी जमिनीखालून एकमेकींचे हात धरले! मी तिथेच खड्ड्याच्या काठावर बसून रडलो. अत्तरवाल्यांना लगेच फोन केला. बाटलीवर आता चित्र ठरलंय, मातीखाली गुंफलेले दोन हात. वाईनचं नाव 'दोघी बहिणी'.

अर्थात आता त्यांना सगळी बाग हवी, नाहीतर काहीच नको. म्हणून तुझी सही लागणार. पण आता तरी तू नाही म्हणणार नाहीस. आता तर ही तुझ्या आईच्या प्रेमाचीच गोष्ट झाली ना?

तुझा रेजिस


पेरबोस, २७ जानेवारी १९९९

रेजिस,

तू खड्ड्याच्या काठावर बसून रडलास. खड्ड्यात पडला असतास तर बरं झालं असतं.

हात कसले? ती चोरी होती, मूर्खा. साधी, उघड, दर वर्षी होणारी चोरी. मी तेव्हा शाळकरी होते आणि सगळं बघत होते.

गावचा नियम तुला माहीत नसणारच. खोड ज्याच्या ओळीत उभं, घड त्याचे. वेल मेली की ओळीत भोक पडतं. ते भरायला शेजारची एक लांब काडी वाकवून मातीत दाबायची आणि टोकाचे दोन डोळे वर ठेवायचे. शहाणा माणूस आपल्याच ओळीतली काडी घेतो. आई काय करायची? रविवारी प्रार्थनेनंतर तुझे वडील कॅफेत जाऊन बसले, की ती उतरणीवर जायची आणि तुझ्या आईच्या चांगल्यातल्या चांगल्या वेलीची काडी ओढून आमच्या भोकात पुरायची. झाली वेल आमची. पुढच्या रविवारी माझे वडील कॅफेत, आणि आमची एखादी काडी तुमच्या ओळीत गायब. सोमवारी दोघी कामावर. दोघींनाही दिसायचं. एकीच्याही तोंडून शब्द नाही, खेचराशीसुद्धा नाही.

आणि काडी मधेच तोडत का नव्हत्या, त्यात काही गूढ नाही. आपल्या वेली अमेरिकन वेलीच्या मुळाच्या खुंटावर कलम करून बांधलेल्या. मुळं खाणारी ती कीड खुंटाला काही करत नाही. पण दाबलेल्या काडीला जी स्वतःची मुळं फुटतात ती ही कीड खाऊन टाकते, म्हणून ती काडी जन्मभर मूळ वेलीच्याच मुळांवर जगते. चोरलेली वेल जगवायची तर जिची चोरली तिची वेल मरू देता येत नाही. तेव्हा आई तुझ्या आईच्या वेलीवर औषधसुद्धा मारायची, तोंड वाकडं करून. याला तू प्रेम म्हणतोस? एका बेडीत अडकवलेले दोन कैदी एका चालीनं चालतात, त्याला नाच म्हणशील का?

मी आईला एकदा विचारलं, आता दोघींचेही नवरे गेले, आता का बोलत नाहीस मावशीशी? ती म्हणाली, "काय बोलू? तिच्या दहाव्या ओळीत माझ्या सहा वेली आहेत." आणि आई गेली तेव्हा तुझी आई कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभी राहिली, काळी शाल घेऊन. आत आली नाही. सख्ख्या बहिणीवर मूठभर माती टाकायला आली नाही. ते मी विसरलेले नाही आणि माफही केलेलं नाही.

आता हे छाप म्हणावं बाटलीवर. दोन चोरट्या बाया, आणि त्यांचे दोन दगड नवरे. बघू तुझा अत्तरवाला कुठे तोंड लपवतो.

सही मिळणार नाही.

ह्युगेत


ल्यों, १४ फेब्रुवारी १९९९

प्रिय ह्युगेत,

अत्तरवाल्यानं तोंड लपवलं नाही. त्याच्यासमोर तुझं पत्र ठेवलं तर तो खुर्चीवरून उठला. "द्वेष!" म्हणाला. "प्रेमाच्या वाईन पैशाला पासरी आहेत. द्वेषाची एकही नाही!" दोन तासांत गुंफलेले हात रद्द. आता नाव 'चोरट्या', आणि तुझं पत्र जसंच्या तसं प्रत्येक बाटलीच्या गळ्यात लटकवायचं ठरलं. त्याच्या जोडीला आधीच्या पत्रातला कुत्राही घालणार आहेत. मीही हसलो, खोटं बोलत नाही. मला वाटलं, काय बिघडलं, तुला खरंच हवं होतं ना.

मग गेल्या गुरुवारी ते कॅमेरा घेऊन वृद्धाश्रमात गेले. मीच घेऊन गेलो. आधी आईला तुझं पत्र वाचून दाखवलं, म्हणजे तिला विषय कळेल. ती भिंतीकडे बघत होती. माती चाखणाऱ्या त्या बाईनं आईच्या गालांना पावडर लावली, केस विस्कटले, कारण ते फार नीट विंचरलेले होते. हातात एक काडी दिली, द्राक्षाची नव्हे, फुलवाल्याकडून आणलेली कसलीतरी. आईनं ती उलटसुलट पाहिली आणि थुंकायच्या भांड्यात उभी करून ठेवली. बाई म्हणाली, "मादाम नोएमी, इतक्या वर्षांनी बहिणीला काय सांगाल?" तिनं परत विचारलं, जवळ जाऊन, मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलतात तसं. त्र्याण्णव वर्षांच्या बाईच्या डोळ्यांवर तो दिवा, आणि त्या दिव्यानं डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तर ती बाई कॅमेरावाल्याला कुजबुजली, "मिळालं! हेच घे!"

ह्युगेत, मला त्या खोलीत माझीच शिसारी आली. तू माझ्याबद्दल जे जे लिहिलंस ते सगळं कमी पडलं. मी दिवा विझवला आणि त्यांना बाहेर काढलं.

आता उरलेलं खरंही सांगतो. आमच्या ओळी माझ्या नाहीतच. वडिलांनी त्या आईच्या नावावर केल्या, आणि सही तिची लागते. हे मी तुझ्यापासून लपवलं, कारण मला वाटलं, तुला कळलं तर तू हसशील. लोक गेल्यावर मी आईला म्हणालो, हे सगळं सोडून देऊ, विकायला नको. तिनं एवढंच विचारलं, "रोझालीची पोरगी काय म्हणते?" मी म्हणालो, तिला विकायचंच नाही. आईचे डोळे असे चमकले की तू बघायला हवं होतंस. "तिला नाही विकायचं? मग मी विकते. आण कागद."

गेले तीन दिवस समजावतोय. ऐकत नाही. सोमवारी, २२ तारखेला, नोटरी सही घ्यायला येणार. एकदा तिची सही पडली की ते तुला कोर्टात खेचतील आणि सगळ्या बागेचा लिलाव मागतील, आणि लिलावात त्यांच्यापुढे कोण उभं राहणार? बाग गेली म्हणून समज. माझ्या हातात काही नाही. तू नाही म्हणतेस म्हणून ती हो म्हणते. आपल्या घराण्याला हा कसला रोग आहे?

रेजिस


पेरबोस, १७ फेब्रुवारी १९९९

रेजिस,

हे पत्र सोमवारच्या आत तुझ्या आईला वाचून दाखव. मोठ्यानं आणि पूर्ण.

मी खूप विचार केला. मला विकायचंय. अगदी उद्याच्या उद्या. गुडघे गेले, थंडीत छाटणी होत नाही, आणि अत्तरवाले भले गृहस्थ वाटले. मी तर खरेदीची यादीही केली. पुढच्या खोलीला नवे पडदे, पिवळे, त्यावर बारीक निळी फुलं. वरच्या दातांची कवळी. लूर्दची यात्रा, चांगल्या हॉटेलात. नोएमी काकूंनी सही केली तर माझ्यावर मोठे उपकार होतील. त्यांनी माझ्या वाटेत येऊ नये, एवढीच हात जोडून विनंती. त्यांनी नाही म्हटलं तर माझं वाटोळं होईल आणि मी रडून रडून आंधळी होईन.

ह्युगेत


ल्यों, २३ फेब्रुवारी १९९९

ह्युगेत,

अक्षर वाकडं आहे, त्र्याण्णव वर्षांच्या हाताचं. पाकीट आणि तिकीट नर्सकडून घेतलंय. रेजिसला माहीत नाही.

त्यानं तुझं पत्र वाचून दाखवलं. तो बिचारा पार फसला, त्याला सगळं खरं वाटलं. "ह्युगेत अशी पलटेल असं वाटलं नव्हतं," म्हणत नाक पुसत होता. त्याच्यासमोर मी म्हटलं, तिला विकायचंय ना? मग मी मेले तरी सही नाही. काल नोटरी पेन खिशात घालून गेला. अत्तरवाल्यांनी आज दुसरा डोंगर बघितला म्हणे. तर बाग आहे तिथे आहे.

पण तू तुझ्या आईसारखीच खोटं बोलतेस. तिलाही थांबायचं कळत नसे. पडद्यांवरची फुलं कशाला सांगितलीस? मी तिथेच ओळखलं. ओळखलं तरी नाहीच म्हटलं.

आता ते चोरीचं पत्र. त्याचा मला राग आलाय. जे माहीत नाही ते लिहू नये. चोरी झाली, हे खरं. पण रोझालीचे हात घाईचे. आखूड काडी वाकवली की मोडते, आणि मोडली की वेल रडते, रस गळत राहतो, वर्ष फुकट जातं. म्हणून छाटणी करताना माझ्या प्रत्येक वेलीवर रोझालीच्या ओळीकडच्या बाजूला एक काडी मी लांब ठेवायची. दर हिवाळ्यात. फर्दिनाँ बांधावरून ओरडायचे, बाईला साधी छाटणी येत नाही म्हणून. मी ऐकून घेतलं. तिनंही माझ्या बाजूला लांब काडी ठेवली. गुस्तावनं तिला त्यावरून एकदा मारलं, ते तू पाहिलं नसेलस. यात तुमचं ते प्रेमबिम शोधू नका. मला असल्या शब्दांची किळस आहे.

फाटकाचं म्हणशील, तर तिला गुस्तावच्या शेजारी पुरलंत तुम्ही. त्या माणसाच्या कबरीपुढे मी मान वाकवणार नव्हते. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी आत गेले. काय बोलले ते तुला सांगायचं नाही.

यंदा माझ्या ओळी तू छाट. रेजिसचे मजूर सगळं सारखं कापतात. लांब काडी कुठल्या बाजूला ठेवायची ते आता तुला कळलं. गुडघे दुखत असतील तर हळूहळू कर, पण मार्च संपायच्या आत कर.

हे रेजिसला सांगू नकोस. तो छापेल.

नोएमी